व्हर्ल लीशमनचा अंगठा

एप्रिल उजाडला की व्हर्ल लीशमनच्या मागे एकच प्रश्न लागायचा. टिंकर व्हॅलीत रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडून चिखल दिसू लागला, गायी गोठ्याबाहेर पडल्या, की लोकांना पुढच्या हिवाळ्याची घाई सुटते. रीतच तशी आहे. डोंगरात चालवायची स्लेड, म्हणजे इंजिनवरची बर्फगाडी, हवी असेल तर वसंतातच मागणी नोंदवायची, एप्रिलच्या पंधरा तारखेच्या आत. नंतर गेलं तर दुकानात उरलंसुरलं मिळतं. म्हणजे हिवाळ्यानं माणूस पुरता पिळून निघालेला असतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला विचारतात की बाबा रे, पुढच्या वर्षी किती वर चढणार आहेस? आणि कशावर चढणार आहेस, टर्बोवर की स्टॉकवर?

स्टॉक म्हणजे साधं इंजिन, बाहेर असेल तेवढ्या हवेवर भागवणारं. टर्बो म्हणजे हवा कोंबून घेणारं. दहा हजार फुटांवर हवा विरळ होते आणि स्टॉकची तिसरा हिस्सा ताकद खाली गावातच राहते. टर्बोला उंचीचं काही सोयरसुतक नसतं. एवढीच काय ती गोष्ट, पण या खोऱ्यात त्यावरून भाऊ भावाशी बोलत नाहीत.

व्हर्ल त्रेसष्ट वर्षांचा होता. आठवड्याचे सहा दिवस तो गोठ्यागोठ्यांवरून दूध गोळा करून चीजच्या कारखान्यात नेणारा टँकर चालवायचा, आणि उरल्या वेळात आपल्या शेडमध्ये लोकांच्या स्लेड दुरुस्त करायचा. त्यामुळे सल्ला विचारायला त्याच्यासारखा माणूस नाही असं सगळ्यांचं मत. कारखान्याच्या फाटकाशी, चर्चच्या पायरीवर, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून पडलेला असताना डॉक्टरनंच विचारलं. व्हर्लचं उत्तर ठरलेलं असायचं. “वर पोचल्यावर काय करणार आहेस ते आधी सांग, मग मी सांगतो.” यावर बहुतेकांची बोलती बंद व्हायची. वर पोचल्यावर काय करायचं असतं? खाली यायचं असतं.

या एप्रिलमध्ये मात्र प्रश्न त्याच्याच गळ्यात पडला होता, आणि तो टाळायला त्याच्याकडे विनोद शिल्लक नव्हता.

खोऱ्याच्या शोध-बचाव पथकाला एक नवीन स्लेड घ्यायची होती. पथक म्हणजे फार काही नाही, चर्चमागची एक पत्र्याची शेड आणि पगार न घेणारी पाच माणसं. प्रमुख होता लमार विक्सम, व्हर्लचा शाळेपासूनचा दोस्त, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. वेलॉय दवाखान्यात नर्स होती. ओर्विल गोठेवाला. चौथा व्हर्ल स्वतः. पाचवी व्हर्लचीच मुलगी, शॅलीस. एकतीस वर्षांची, शाळेत गणित शिकवायची, आणि स्लेड अशी चालवायची की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

पथकाचा एक नियम होता आणि तो कोणी कधी मोडला नव्हता. बर्फाचा कडा सुटू शकेल अशा उतारावर एका वेळी एकच जण जाणार. त्याला ते ‘पहिला’ म्हणत. पहिल्यानं भुसभुशीत बर्फात वाट पाडत वर जायचं, उतार पारखायचा, रेडिओवर सांगायचं, मगच बाकीच्यांनी त्याच्या वाटेवरून यायचं. बर्फाचा कडा सुटलाच तर एकच माणूस गाडला जावा आणि चौघं खणायला उरावीत, असा तो साधा हिशेब. चोवीस वर्षं पहिला होता व्हर्ल. शॅलीस गेली सात वर्षं दुसरी. तो वर असेपर्यंत ती खाली इंजिन चालू ठेवून उभी राहायची, आणि पथकाची सगळ्यात चांगली स्लेड नेहमी पहिल्याकडे असायची.

आता नवीन स्लेड टर्बो घ्यायची की स्टॉक, हे लमारनं व्हर्लवर सोडलं होतं. “बसणार तू, तूच ठरव,” तो म्हणाला होता. “पण वेड्या, जानेवारीत जे झालं त्यानंतर ठरवायचं काय उरलंय?”

जानेवारीत झालं ते असं. मिनेसोटाहून आलेला गुंडरसन नावाचा एक माणूस भाड्याची टर्बो घेऊन हेलर खिंडीच्या वरच्या वाडग्यात, डोंगरातल्या वाटीसारख्या खोलगट जागेत चढला. त्याच्या गावाकडे टेकाडसुद्धा नसतं, पण मुठीवरची खटकी अंगठ्यानं दाबली की यंत्र वर नेतंच. तिथं तो एका झाडावर आदळला, मांडीचं हाड मोडलं. व्हर्ल पथकाच्या स्टॉक स्लेडवरून वर निघाला, आणि वाडग्याच्या तोंडाशी, शेवटच्या चढाच्या मध्यावरून खाली परत आला. यंत्राला दम लागला, खचलं, खणून काढावं लागलं, वर जात नाही, असं त्यानं सांगितलं. शॅलीस म्हणाली, मी बघून येते. तीही तिथपर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, खरंय, तिथं इंजिन श्वासच घेत नाही. मग वेलॉय आणि ओर्विल बर्फाचे जोडे बांधून, एकामागून एक अंतर ठेवून पायी गेले. सव्वा तास उशीर झाला. गुंडरसन वाचला, पण त्याच्या डाव्या पायाची चार बोटं गोठली होती, ती कापावी लागली.

त्यानं दवाखान्यातून आभाराचं कार्ड पाठवलं. लमारनं ते शेडच्या भिंतीवर टाचलं आणि शेजारी कागद लावला: ‘आपल्या पहिल्याला श्वास घेणारं यंत्र द्या.’ मार्चमध्ये त्यासाठी पैसे जमवायला चर्चच्या हॉलमध्ये पॅनकेकची न्याहारी झाली. अर्धं खोरं लोटलं. लोक गरम चॉकलेटचे पेले हातात घेऊन व्हर्लच्या पाठीवर थाप मारत होते. “त्या खटाऱ्यावर तुला पाठवत होतो आम्ही, आमचंच चुकलं.” ऐंशी वर्षांच्या एका आजीनं त्याचा हात हातात घेऊन डोळे पुसले. व्हर्लनं त्या सकाळी एकही पॅनकेक खाल्ला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

कारण यंत्राला दम लागलाच नव्हता.

त्या चढावर ते म्हातारं स्टॉक इंजिन तक्रार करत का होईना, ओढत होतं. व्हर्ल पुढे झुकून उभा होता, अंगठा दाबलेला, वाडग्याचं तोंड शंभर फुटांवर. आणि अचानक त्याला वाटलं, पुरे. भीती म्हणावी तर तेवढी जोरदार नव्हती. भीती त्याला ठाऊक होती, ती पोटात येते आणि हात चपळ करते. हे तसलं नव्हतं. चोवीस वर्षं दर हिवाळ्यात कुणाच्या तरी नवऱ्याला, कुणाच्या तरी पोराला बर्फातून उपसून काढलेला माणूस आतून एकदम रिकामा झाला, आणि त्याचा अंगठा उठला. स्लेड वळली. खाली येईपर्यंत त्याच्या तोंडात वाक्य तयार होतं: दम लागला, खचली. इतकं सहज आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

कुणी म्हणेल, वळला तेच शहाणपण. तो उतार चांगला नव्हताच. व्हर्लनंही स्वतःला हे पुष्कळदा सांगून पाहिलं. पण स्वतःशी खोटं बोलायलासुद्धा अंगात थोडी रग लागते, आणि ती त्याच्यात उरली नव्हती. शहाणपण नव्हतं ते. तो दमला होता, आणि वर वाट बघणारा माणूस मोडलेला पाय घेऊन आणखी सव्वा तास बर्फात पडून राहिला.

आता गंमत अशी की टर्बो आली तर तिच्यावर व्हर्ल बसणार. टर्बोनं अंगठा थोडाच दाबला जातो? पुढच्या वेळी दोष द्यायला यंत्रही असणार नाही. आणि आपण बाजूला होतो म्हटलं, तर पहिली कोण होणार हे सांगायला ज्योतिषी नको. शॅलीस. चोवीस वर्षं तो त्या जागेला चिकटून बसला त्यामागे शौर्य कमी होतं. शेवटच्या सात वर्षांत तर एवढंच होतं की आपण वर आहोत तोवर मुलगी खाली आहे.

पंधरा तारखेच्या आधीच्या मंगळवारी दुकानदारानं एक नवी टर्बो बघायला म्हणून दिली. व्हर्ल आणि शॅलीस शाळा भरायच्या आधी, उजाडताच हेलर खिंडीत गेले. एप्रिलच्या सकाळी बर्फ कडक असतो, कडा सुटायची धास्ती नसते.

“सांभाळून हं डॅड,” शॅलीस म्हणाली. “ही तुझ्या टँकरसारखी विचार करून निघत नाही.”

“माझा टँकर तुझ्यापेक्षा जास्त विचार करतो.”

खरं सांगायचं तर यंत्र सुरेख होतं. व्हर्लनं अंगठा नुसता टेकवला आणि पायाखालचा डोंगर मागे सरकला. स्टॉकवर नऊ हजार फुटांनंतर इंजिनचा आवाज जाडसर होतो, म्हातारा जिना चढताना करतो तसा. इथे तसलं काही नव्हतं. वर जावं तसं ते जास्तच खुशीत येत होतं. वजन थोडं जास्त, पुढचा भाग जरा जड, पण ताकद अशी की चुकलेलं वळणसुद्धा आपोआप बरोबर व्हावं. दहा मिनिटं व्हर्लला वाटलं, आपण उगाच घाबरलो. मग वाडग्याचा तो शेवटचा चढ आला. निळं आकाश, कडक बर्फ, वर अडकलेलं कुणी नाही, आणि बुडाखालची स्लेड नुसती तरंगत होती. जानेवारीतल्या त्याच जागी, काही कारण नसताना, त्याचा अंगठा उठला.

तो वळून खाली आला. शॅलीस हेल्मेट काढून उभी होती.

“कशी आहे?”

“जड आहे पुढून,” व्हर्ल म्हणाला.

तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “हो का,” म्हणाली, आणि हेल्मेट घातलं.

संध्याकाळी घरी नेड्रानं भाजलेल्या बटाट्यांचा थाळा टेबलावर ठेवला आणि नवऱ्याचं तोंड बघून म्हणाली, “आरशात बघितलंस का? डोळ्यांखाली दोन-दोन बटाटे मावतील.”

“वय झालं.”

“वय माझंही झालंय, मी नाही लोंबत. काय ठरवलंस मग?”

“अजून नाही.”

“मला विचारशील तर स्टॉक घ्या. कमी वर जाते ना? मग बरंच आहे. कमी वर गेलेलं माणूस जेवायला वेळेवर येतं.”

नेड्राला नवरा खाली हवा होता आणि मुलगी वर नको होती. दोन्ही एकदम मिळायचं नाही हे तिला कळत होतं, म्हणून ती यंत्रांबद्दल बोलायची. व्हर्लच्या ओठांवर आलं होतं सगळं. पण तिनं त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला, आणि तो जेवत राहिला. त्या आठवड्यात त्याला टँकरच्या पायऱ्या चढायचाही कंटाळा यायचा. दुधाची नळी जोडून तो गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहायचा, आणि टाकी कधी भरली ते त्याला कळायचं नाही.

शनिवारी दुपारी पथकाची बैठक भरली. बाहेर पत्र्यावरून वितळलेलं पाणी टपटपत होतं. लमारनं मागणीचा फॉर्म टेबलावर पसरला आणि व्हर्लपुढे पेन सरकवलं.

“घे. टर्बोवर खूण कर, सही कर, आणि मला घरी जाऊन झोपू दे.”

“थांब जरा,” व्हर्ल म्हणाला. “आधी मला एक सांगायचंय.”

“सांग की. फक्त भाषण नको देऊस.”

व्हर्लनं भाषण दिलं नाही. चार वाक्यांत सांगितलं. जानेवारीत यंत्राला दम लागला नव्हता. आपणच अंगठा सोडला. खचली, खणून काढली, हे सगळं खोटं होतं. मंगळवारी टर्बोवरही तिथंच सोडला. सांगताना त्याची नजर टेबलावरच्या फॉर्मवर होती. सांगून झाल्यावर त्याला वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरेल. तसलं काही झालं नाही. नुसतं आणखी दमल्यासारखं झालं.

लमारचं तोंड उघडं राहिलं होतं. ओर्विल भिंतीकडे, गुंडरसनच्या कार्डाकडे बघत होता.

“चार बोटं गेली त्याची,” ओर्विल म्हणाला.

“माहितेय.”

“आम्ही पायी गेलो रे. छातीएवढ्या बर्फातून. मी रस्ताभर त्या यंत्राला शिव्या घालत होतो.”

“माहितेय, ओर्विल.”

“पण थांबा,” वेलॉय म्हणाली. ती कपाळाला आठ्या घालून आठवत होती. “खड्डा होता तिथं. आम्ही त्याच्या बाजूनं गेलो. कमरेएवढा. स्लेड खचल्याशिवाय तसा खड्डा होत नाही. व्हर्ल, तू उगाच स्वतःला दोष देतोयस. दमलास म्हणून तुला तसं वाटतंय. मी बघितलाय खड्डा.”

व्हर्लनं मान वर केली. कुठला खड्डा? त्यानं खड्डा केलाच नव्हता. तो वळला होता, स्वच्छ, गोल, रस्त्यावर वळावं तसा.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शॅलीस उठून बाहेर गेली होती.

व्हर्ल मागोमाग गेला. ती पत्र्याच्या आडोशाला उभी होती, बूट चिखलात, हात जाकिटाच्या खिशात.

“तू केलास तो,” व्हर्ल म्हणाला.

“हो.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे?” ती एकदम उसळली. “मी तुझ्या वाटेनं वर गेले. तुझं वळण दिसलं. लहान पोरालाही कळलं असतं की इथं कोणी खचलेलं नाही. मी परतले की वेलॉय आणि ओर्विल तिथूनच जाणार होते. मग मी वळणावरनं स्लेड फिरवली, आणि जागच्या जागी तिचा खालचा पट्टा घुमवत बसले, खड्डा पडेपर्यंत.”

“शॅलीस...”

“पुढचं ऐक. तुझं आत सांगून झालं, आता माझं ऐक.” तिचा आवाज खाली आला. “खड्डा पाडायच्या आधी मी थोडी पुढे गेले होते. वीसेक फूट. माझी स्लेड आपली सगळ्यांत जुनी, आणि ती ओढत होती, डॅड. मी जाऊ शकले असते. दहा मिनिटांत त्याच्यापाशी पोचले असते. पण मी पोचले असते तर तू का नाही पोचलास, असं सगळ्यांनी विचारलं असतं. म्हणून मी वळले. तू दमलास म्हणून वळलास. मी धडधाकट होते, तरी वळले.”

आपली मुलगी खाली उभी राहते, सुखरूप असते, एवढ्या एका गोष्टीवर व्हर्ल सात वर्षं तगून होता. आणि त्याच मुलीनं त्याची अब्रू झाकायला एका माणसाला बर्फात पडू दिलं होतं. त्याला तिचा राग आला, आणि त्याच वेळी इतकी माया दाटून आली की त्यानं पत्र्याच्या खांबाला हात टेकला.

“आत यातलं काही बोलू नकोस,” तो म्हणाला. “मी सांगितलंय ना? तेवढं पुरे आहे. खड्डा मीच केला म्हणून सांगतो.”

“पुन्हा खोटं?”

“अगं तुझी नोकरी आहे, शाळा आहे, लोक काय म्हणतील...”

“सांगितल्यावर हलकं वाटलं का तुला?”

“नाही,” व्हर्ल खरं बोलला. “दमायला झालं फक्त.”

शॅलीसला हसू आलं, आणि त्याच हसण्यात तिचे डोळे भरले. “मग मलाही दमू दे,” ती म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.

तिनं उभं राहूनच सांगितलं, एकही शब्द न गिळता. वेलॉयनं तोंडावर हात ठेवला. ओर्विलनं टोपी काढून टेबलावर आपटली. “बाप तसा, मुलगीही तशीच!” तो म्हणाला. “मी तीन महिने त्या खड्ड्याची गोष्ट गावभर सांगतोय. माझ्या बायकोला सांगितली, सासूला सांगितली!”

“तुझ्या सासूचं मी बघते,” वेलॉय पुटपुटली.

लमार खुर्चीत खचून बसला होता. तो एकाएकी म्हातारा दिसू लागला होता. त्यानं फॉर्म स्वतःकडे ओढला. “हा उद्या दुकानात पोचायला हवा,” तो म्हणाला. “यंत्र तर लागणारच आहे, जुन्याचा पट्टा गेलाय. आता याचं काय करू सांगा. टर्बो की स्टॉक?”

सगळ्यांनी सवयीनं व्हर्लकडे पाहिलं. व्हर्लनं मान हलवली. “मला विचारू नका. मला विचारण्यात अर्थ नाही.”

“स्टॉक,” शॅलीस म्हणाली.

“का?” लमारनं विचारलं. “टर्बो चांगली नाही?”

“टर्बो चांगलीच आहे. मी मंगळवारी डॅडनंतर चालवली, उतरावंसं वाटत नव्हतं. पुढेमागे लागेलही. पण आपण लोकांना काय सांगून मागितली? की स्टॉक तिथं चढत नाही. ती चढते. ती तिथं ओढत होती, मीच बसले होते तिच्यावर. यंत्रात काही कमी नव्हतं.”

“आणि लोकांना काय सांगू मी? पॅनकेक परत करा?”

“उद्या चर्चमध्ये मी सांगते लोकांना. आणि गुंडरसनला आज फोन करते.”

“तू नाही,” व्हर्ल म्हणाला. “दोघं करू.”

लमारनं स्टॉकच्या चौकोनात खूण केली. पेन तसंच धरून तो खालच्या ओळीपाशी थांबला. तिथं स्लेड कोणाच्या नावावर राहणार ते लिहायचं होतं. चोवीस वर्षं तिथं व्हर्लचं नाव लिहिलं जायचं, आणि ते लिहिताना कुणी मानसुद्धा वर केली नव्हती.

“पहिलं कोण जाणार?” लमारनं विचारलं. “व्हर्ल नाही. माझं वजनच सत्तर किलो जास्त आहे. बोला.”

“मी जाईन,” शॅलीस म्हणाली. “तुमचा विश्वास उरला असेल तर. नसेल तर तेही सांगा, मी खाली उभी राहीन.”

“मला नाही पटत,” ओर्विल लगेच म्हणाला. “मला आवडतेस तू पोरी, पण वर कुणीतरी पडलेलं असताना जी वळते, तिच्यामागे मी कशाला जाऊ?”

“मला पटतं,” वेलॉय म्हणाली. “जी आज उभं राहून हे सांगते तिच्यामागे मी जाईन. दुसरं कोण आहे असं?”

एक इकडे, एक तिकडे. प्रमुखानं मत द्यायचं नाही हा लमारचा स्वतःचाच नियम होता, आणि शॅलीसला आपल्याच नावावर मत देता येत नव्हतं. तिघंही व्हर्लकडे बघायला लागले. बाहेर पत्र्यावरचं पाणी टपटपतच होतं.

व्हर्लला आठवलं की तो नाही म्हणू शकतो. एवढं सोपं होतं ते. ओर्विलचं बरोबर आहे, म्हणायचं. मग दुसऱ्या खोऱ्यातून कुणीतरी आणतील, कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी मुलगी, आणि शॅलीस खाली इंजिन चालू ठेवून उभी राहील, सुखरूप, आणि नेड्रा तिला जेवायला वेळेवर ताट वाढेल. शॅलीस त्याच्याकडे बघत नव्हती. फॉर्मकडेही नाही. भिंतीवरच्या त्या कार्डाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा होता की त्या क्षणी तिला बोलावणं आलं असतं तर ती वळली नसती.

ती आता वळणार नाही, हेच त्याला भीतीदायक वाटलं. आणि तीच पहिली व्हायला लायक आहे, हेही त्याला त्याच वेळी कळलं.

“एक सांग,” तो तिला म्हणाला. “उतार वाईट असेल, तुझं मन म्हणेल नको, तर वळशील ना?”

“वळेन.”

“आणि खाली येऊन काय सांगशील?”

शॅलीसनं त्याच्याकडे पाहिलं. “मी वळले, एवढंच सांगेन.”

व्हर्लनं तिच्या बाजूनं हात वर केला.